तहान लागायची वाट बघू नका: गोव्याच्या उकाड्यात घरातल्या वयस्कर माणसांना कसं सांभाळायचं

आपल्याकडे फेब्रुवारी संपत आला की घामटं सुरू होतं आणि पाऊस येईपर्यंत सुटका नसते. घरातली तरुण माणसं वैतागतात, पंखा फुल करतात, दोनदा आंघोळ करतात आणि निभावून नेतात. सत्तरीच्या पुढची आजी मात्र खुर्चीत शांत बसलेली असते, विचारलं तर म्हणते "म्हाका कांयच जायना गो" (मला काही होत नाही गं), आणि आपण समजतो की जुनी हाडं आहेत, यांना उन्हाळ्याची सवय आहे. हा समज घरोघरी आहे आणि तो धोक्याचा आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. वय वाढलं की शरीराची थंड व्हायची ताकद कमी होतेच, पण त्याहून वाईट म्हणजे गरम होतंय, तहान लागलीय हे सांगणारी आतली जाणीवच मंद होते. त्यामुळे "तुला पाणी हवं का", "तुला गरम होतंय का" असं विचारून उपयोग नाही, उत्तर खरं नसतं, आणि ती खोटं बोलत असते असंही नाही. पाणी, पंखा, आंघोळ, सावली सगळं घड्याळ बघून करायचं, विचारून नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

शरीरात नेमकं काय बदलतं

अंग थंड ठेवायचे शरीराकडे मुख्य मार्ग दोन. आतलं गरम रक्त कातडीकडे पाठवायचं म्हणजे उष्णता बाहेर जाते, आणि घाम आणायचा, तो वाळताना उष्णता घेऊन जातो. म्हातारपणी दोन्ही ढिले पडतात. घामाच्या ग्रंथी संख्येने फारशा कमी होत नाहीत पण एकेक ग्रंथी घाम कमी सोडते आणि सोडायला लागते तीही उशिरा. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या पटकन उघडत नाहीत, तेवढ्याच उष्णतेत तरुण माणसाच्या मानाने कातडीतून रक्त साधारण २५ ते ४० टक्के कमी वाहतं. म्हणजे आजोबांना घाम येत नाही म्हणून ते मजेत आहेत असं नाही, घाम यायला हवा तेव्हा येत नाहीय.

दुसरी गोष्ट हृदयाची. कातडीकडे जास्त रक्त ढकलायचं तर हृदयाला जास्त पंप करावं लागतं आणि पोट, किडनी यांच्याकडचं रक्त थोडं कमी करावं लागतं. तरुण हृदय हे सहज करतं, सत्तरीच्या हृदयाला ते जड जातं, आणि आधीच बीपी किंवा अँजिओप्लास्टी झालेली असेल तर आणखी जड. म्हणून उन्हाळ्यात म्हातारी माणसं जातात त्यातली बरीचशी उष्माघात म्हणून नोंदलीच जात नाहीत. सर्टिफिकेटवर हार्ट अटॅक असतो नाहीतर श्वासाचा त्रास असतो आणि घरचे म्हणतात वय झालं होतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं नेहमीपेक्षा जास्त दगावली, त्यातली बहुतेक ७५ वर्षांवरची होती, आणि कितीतरी आपापल्या घरातच गेली. उन्हात कुणी नांगर धरला नव्हता, घरात बसल्या बसल्या झालं हे.

मग पाण्याचा साठा. तरुण पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असतं, म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे मुळात शिल्लकच कमी. त्यात किडनीला लघवी दाट करून पाणी वाचवायचं पूर्वीसारखं जमत नाही. आणि यावर कडी म्हणजे तहान. १९८४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रयोग छापून आला होता. निरोगी पुरुषांचे दोन गट, एक विशीतला आणि एक ६७ ते ७५ वयाचा, दोघांना २४ तास पाणी दिलं नाही. म्हाताऱ्यांच्या शरीरातलं पाणी चांगलंच कमी झालं होतं, तरी त्यांना तोंड कोरडं पडल्यासारखं, तहान लागल्यासारखं तरुणांइतकं वाटलं नाही. नंतर समोर पाणी ठेवलं तरी ते कमीच प्याले. ही आजारी माणसं नव्हती हे लक्षात घ्या, चांगली धडधाकट होती.

कातडीला गरम गार कळणंही बोथट होतं. एप्रिलमध्ये दुपारी अंगावर शाल घेऊन बसलेले आजोबा सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना खरंच थंडी वाजल्यासारखं होत असतं, पण आतलं तापमान त्याच वेळी वर चाललेलं असू शकतं. वाद घालू नका, शालीच्या जागी पातळ सुती पंचा द्या, काम होतं.

अजून एक. शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हातारपणी त्याहून जास्त. म्हणून मे महिन्यातल्या पन्नासाव्या गरम दिवसापेक्षा मार्चमधले पहिले गरम दिवस जास्त वाईट. आणि मुलाकडे बंगळुरूला किंवा परदेशात थंडीचे महिने काढून आई एप्रिलमध्ये दाबोळी विमानतळावर उतरली की तिला लगेच लग्नकार्याला, देवळात फिरवू नका, पहिले पंधरा दिवस जपून.

आपल्या गोव्याचा उकाडा वेगळा का

नागपूरला ४५ होतं, आपल्याकडे ३४, मग काय एवढं, असं लोक म्हणतात. फरक दमटपणाचा आहे. घाम वाळला तरच अंग थंड होतं, आणि हवेत आधीच ओल भरलेली असली की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. ३३ डिग्री तापमान आणि ७० टक्के दमटपणा असला तर हीट इंडेक्सच्या हिशोबाने ते ४३ च्या आसपास जाणवतं. हवामान खातं किनाऱ्यावर कमाल तापमान ३७ किंवा त्याच्या वर गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त असलं तरच उष्णतेची लाट म्हणतं, मैदानी भागात तोच आकडा ४० चा आहे. म्हणजे लाट जाहीर झाली नाही म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धोका नाही असं समजायचं नाही, आपल्याकडचे कितीतरी त्रासाचे दिवस त्या व्याख्येत बसतच नाहीत.

आणि आपल्याकडे मे पेक्षा मार्च दगा देतो. पूर्वेकडून घाटावरून कोरडा गरम वारा येत राहतो, समुद्राचा वारा उशिरा सुटतो, आणि पारा भलताच चढतो. २०२३ च्या मार्चमध्ये असंच झालं होतं, ९ आणि १० तारखेला सरकारने शाळा दुपारी १२ ला सोडायला सांगितल्या. मुलं घरी आली हे बरंच झालं. पण त्याच घरातल्या आजी-आजोबांचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ६० च्या वरची माणसं ११ टक्क्यांच्या वर होती, देशात तेव्हा केरळनंतर आपणच. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांत समुद्राचा वारा नीट पोचतही नाही, तिथल्या घरांनी तर जास्त बघायला हवं.

एक जाता जाता. एअर कूलर, तो पाणी भरायचा, विदर्भात चालतो म्हणून इथे घेऊ नका. दमट हवेत तो खोलीत ओल वाढवतो, गारवा जेमतेम देतो. पैसे घालायचेच तर चांगल्या पंख्यात घाला.

पाणी: घड्याळाला बांधा

डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर जागेपणी साधारण तासाला एक कप आणि दिवसभरात दोन लिटर तरी पोटात जायला हवं, यात चहा, ताक, पेज, सार सगळं धरा. हार्ट फेल्युअर असेल, किडनीचा आजार असेल, पायाला सूज असेल तर हा आकडा तुम्ही ठरवायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं, आणि ते उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवायचं.

आता "आई पाणी पी" म्हणून ती पिणार नाही. माझे सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत, फोंड्याजवळ गावात असतात, त्यांच्यासमोर तांब्या भरून ठेवला तर संध्याकाळी तसाच भरलेला मिळतो. जे चालतं ते असं की पाणी दुसऱ्या एखाद्या कामाला जोडायचं. तोंड धुतलं की एक कप, सकाळच्या गोळ्यांबरोबर एक, पेपर आला की चहा, देवपूजा झाली की एक, अकराला पेज, जेवणाबरोबर सार किंवा ताक, दुपारी उठल्यावर आडसर (शहाळं) नाहीतर आमसुलाचं पाणी, सिरियल लागायच्या आधी एक. लहान कप द्या, मोठा पेला बघूनच नको म्हणतात. आणि आपण शेजारी बसून आपलाही कप प्यायला लागलो की तेही पितात, हा उपाय मला सगळ्यात खात्रीचा वाटतो.

बऱ्याच बायका मुद्दाम पाणी कमी पितात, कारण रात्री उठावं लागतं, गुडघे दुखतात, बाथरूम लांब मागच्या बाजूला असतं, पडायची भीती असते. हे कारण त्या सांगत नाहीत, लाजतात. म्हणून पाण्याचा बहुतेक भाग सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहा-सातपर्यंत उरकायचा, रात्री फक्त लागलं तर, आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, भिंतीला धरायला दांडा, जमलं तर खाटेजवळ कमोडची खुर्ची. पाणी पाजायचं तर हे आधी करा, नाहीतर नुसता आग्रह करून काही होत नाही.

काय प्यायचं यात आपलं जुनं जेवण फार शहाणं आहे. उकड्या तांदळाची पेज, त्यात चिमूटभर मीठ, म्हणजे पाणी, मीठ आणि थोडी ताकद एकदम. सोलकढी, पातळ ताक, नाचणीची आंबील, तवशाची (काकडीची) कोशिंबीर, पर्रा गावचं कलिंगड. शुगर असेल तर बाजारचं कोकम सरबत नको, ते साखरेचा पाक असतो, घरी आमसुलं भिजवून मीठ-जिरं घालून करा. आडसर चांगलं, पण त्यात पोटॅशियम बरंच असतं, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रोज दोन-दोन आडसरं देऊ नका, डॉक्टरांना विचारा. उराक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे निघतो आणि आजोबा लोकांना तो आवडतो हे मान्य, पण दारूने लघवी जास्त होते, तोल जातो आणि डोकं जड झालं तर ते उराकामुळे की उकाड्यामुळे हे कुणालाच कळत नाही. दुपारचा तरी नकोच.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. नुसतं साधं पाणी भरमसाट पाजणंही बरं नाही, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. रक्तातलं मीठ खाली जातं आणि माणूस बरळायला लागतो, मळमळतं, चालताना झोकांड्या जातात, आणि घरचे समजतात पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाजतात. म्हणून पेज, सार, ताक असं मधून मधून हवं. ओआरएस, म्हणजे पाण्यात घालायची मीठ-साखरेची पूड, घरात दोन पाकिटं असू देत, जुलाब झाले किंवा फार घाम गेला तर उपयोगी, पण पाकिटावर डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) फॉर्म्युला लिहिलेला बघा आणि एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा लहान चमचा. बीपी आणि हार्टच्या पेशंटला हे रोजचं सरबत म्हणून द्यायचं नाही.

पाणी पुरतंय का ते कसं बघायचं? कातडी चिमटीत धरून बघतात ते म्हाताऱ्या माणसात फसवं आहे, वयाने कातडी तशीही सैल असते. लघवीचा रंग बघा, फिकट असायला हवा, गडद आणि कमी होत असेल तर पाणी कमी. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेत असतील तर रंग पिवळाधमक येतो, त्याने घाबरू नका. जीभ कोरडी, खरखरीत आहे का बघा. खाटेवरून उठल्यावर चक्कर येते का विचारा, आणि बीपीचं मशीन असेल तर बसून आणि उभं राहून असं दोन्ही मोजा, उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरला फोन. वजनकाटा असेल तर आणखी चांगलं, दोन दिवसांत किलो-दीड किलो कमी झालं तर ती चरबी नव्हे, पाणी गेलंय.

गोळ्यांचा डबा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. सत्तरीच्या माणसाच्या डब्यात पाच-सहा गोळ्या असतात आणि त्यातल्या कितीतरी उकाड्याशी झगडायच्या शरीराच्या ताकदीवर परिणाम करतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी आणि मीठ काढतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल वगैरे, हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत आणि उकाड्यात ठोके वाढायची गरज असते. बीपीच्या बाकीच्या गोळ्या, ज्यांची नावं प्रिल किंवा सार्टनने संपतात, त्यांनी पाणी कमी पडल्यावर बीपी फार खाली जाऊ शकतं आणि किडनीवर ताण येतो. शुगरच्या नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीतून काढतात, त्याबरोबर पाणीही जातं. लघवी सारखी लागते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, जुन्या पद्धतीच्या अ‍ॅलर्जी-सर्दीच्या गोळ्या ज्यांनी झोप येते, मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, या घामच कमी करतात. मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडलं की रक्तात ते वाढतं आणि विषासारखं होतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलरही सुकलेल्या किडनीला वाईट.

हे वाचून कुणीही गोळी बंद करू नका. बीपीची, हार्टची गोळी मनाने बंद करणं हे उकाड्यापेक्षा मोठं संकट आहे. करायचं ते एवढंच की फेब्रुवारीत सगळा डबा आणि फाईल घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि सरळ तीन प्रश्न विचारायचे: यातलं काय उन्हाळ्यात कमी करायचं का, जुलाब-उलटी झाली किंवा जेवण-पाणीच गेलं नाही तर त्या दिवशी कुठली गोळी थांबवायची, आणि दिवसाला पाणी किती. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि फ्रीजवर चिकटवा, कारण ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी तुम्ही नोकरीवर असाल आणि घरात दुसरंच कुणीतरी असेल.

इन्सुलिन असेल तर ते फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. वीज फार वेळ गेली तर थंड पाण्याच्या मातीच्या मडक्यात, बाटली पिशवीत घालून. उकाड्यात इन्सुलिन अंगात लवकर शोषलं जातं, शुगर अचानक खाली येऊ शकते, म्हणून उन्हाळ्यात मोजणी थोडी वाढवा. आणि गोळ्या खिडकीत, टीव्हीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायच्या नाहीत.

घर आणि रात्र

जुनं कौलारू घर, उंच छप्पर, मध्ये राजांगण (आतलं अंगण), पुढे बल्काव (बसायचा ओटा), अशा घरात म्हातारी माणसं बरीच सुखी असतात. त्रास आहे तो नव्या स्लॅबच्या घरात, फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर आणि पत्र्याच्या खोल्यांत. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो, म्हणून बाहेर गार झालं तरी आत अकरापर्यंत भट्टी. रात्र गार नसली तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही आणि तीन-चार अशा रात्री सलग गेल्या की म्हातारं माणूस खचतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की खोली दिवसा ३२ च्या आणि रात्री २४ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, खास करून लहान बाळं आणि ६० च्या वरची माणसं असतील तर. एसीशिवाय आपल्याकडे २४ जमणं कठीण आहे, हे खरं, पण जेवढं खाली आणता येईल तेवढं आणायचं. खोलीत एक साधं थर्मामीटर लावा, भिंतीवरचं, अंदाजाने चालू नका.

आजीची खाट वरच्या मजल्यावर असेल तर मार्चमध्ये खाली आणा. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून झावळ्यांचं मांडव, बांबूची चटई किंवा जाड कापड लावा, आतला पडदा कमी कामाचा कारण तोपर्यंत काच तापलेली असते. स्लॅबवर पांढरा चुना मारा, स्वस्त आहे आणि फरक पडतो. बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तेव्हा खिडक्या ओढून घ्या आणि संध्याकाळी वारा सुटला की समोरासमोरच्या सगळ्या उघडा.

पंख्याबद्दल नीट समजून घ्या. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम वाळवतो. ज्याला घामच कमी येतो त्याला नुसत्या पंख्याचा उपयोग कमी, आणि हवा ३७-३८ च्या वर गेली की तो म्हाताऱ्या माणसावर गरम हवाच फेकतो. म्हणून पंख्याबरोबर अंग ओलं करायचं, म्हणजे जो घाम शरीर देत नाही तो आपण वरून द्यायचा. स्प्रेची बाटली घेऊन हात, पोटऱ्या, मान, चेहरा ओला करा, किंवा ओला पंचा खांद्यावर टाका, आणि मग पंखा सोडा. पंचा कोरडा पडला की परत. दुपारी बारा ते चार हे दर अर्ध्या तासाने, झोपलेल्या माणसाच्या पायांवर तरी. दमटपणा असला तरी वाऱ्यामुळे थोडं वाळतंच आणि त्यात बराच आराम मिळतो. पाय साध्या पाण्याच्या बादलीत ठेवून बसवणंही चांगलं, फक्त उठताना फरशी ओली नको. आंघोळ दोनदा, साध्या पाण्याने, बर्फासारख्या गार पाण्याने नाही.

एसी असेल तर २७ वर ठेवा आणि बरोबर पंखा चालू करा, तो बराच थंड वाटतो, बिलही आटोक्यात राहतं आणि सांधे दुखतात ही तक्रारही कमी होते. "एसी सोसत नाही" म्हणणाऱ्यांना दुपारचे दोन तास तरी त्या खोलीत झोपवा. रोजचे दोन-तीन तास गारव्यात गेले तरी शरीर सावरतं. घरात एसी नसेल तर शेजाऱ्यांकडे, भाचीच्या फ्लॅटवर, कुठेही. यात लाज कसली.

बाहेर जायचं ते सकाळी नऊच्या आत नाहीतर सूर्य उतरल्यावर. बँकेचं काम, पेन्शन, बाजार सगळं. शिगमो, जत्रा, लग्नं नेमकी याच दिवसांत येतात आणि म्हाताऱ्यांना जायचं असतं, जाऊ द्या, अडवून ठेवू नका, पण मांडवात पत्र्याखाली बसवू नका, पाण्याची बाटली कुणाकडे आहे ते ठरवा आणि उपास असेल तर पाण्याचा उपास नको हे घरातूनच ठरवून निघा.

एकटी राहणारी माणसं

आपल्या गावागावात अशी घरं आहेत जिथे मुलं आखातात नाहीतर लंडनला आणि मोठ्या घरात एक आई किंवा दोघंच. अशा माणसाला दिवसातून दोन फोन, एक सकाळी आणि एक दुपारी तीनच्या पुढे. "बरी आहेस ना" विचारू नका, उत्तर बरी हेच येणार. विचारा की आता काय खाल्लंस, शेवटचं पाणी कधी प्यालीस, पंखा चालू आहे का, काल कोण आलं होतं. उत्तर जुळत नसेल, बोलणं अडखळत असेल, नेहमीपेक्षा हळू असेल, तर शेजाऱ्याला लगेच पाठवा. घराची एक चावी शेजारी असू दे. पोदेर (पाववाला), दूधवाला, कामाला येणारी बाई यांना सांगून ठेवा की दार उघडलं नाही तर फोन करा. वीज गेली की खास चौकशी करा.

धोका कसा ओळखायचा आणि तेव्हा काय करायचं

तरुण माणसाला ऊन लागलं की तो घामाघूम होतो, पायात गोळे येतात, उलटी होते, सगळ्यांना कळतं. म्हाताऱ्या माणसात हे दोन-तीन दिवसांत हळूहळू होतं आणि खुणा साध्या असतात. जेवण नको म्हणणं, सारखी झोप, चिडचिड, उठताना तोल जाणं, डोकं दुखणं, नेहमीच्या गोष्टी विसरणं. या पायरीवर गारव्यात आणा, कपडे सैल करा, अंग ओलं करा, पंखा लावा, घोट घोट पेज किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात सुधारणा दिसली पाहिजे. नाही दिसली तर डॉक्टर.

पण बोलणं असंबद्ध झालं, माणसं ओळखेना, फिट आली, शुद्ध हरपली, अंग चटका बसेल इतकं गरम लागलं तर तो उष्माघात समजा. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिटाला मेंदू, किडनी, लिव्हर यांचं नुकसान होत असतं. कातडी कोरडी असेल किंवा घामाने ओलीही असेल, त्यावर जाऊ नका. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, कपाळावर धरायचं मशीन तर फारच बेभरवशाचं, आकडा ३८ दिसला म्हणून थांबू नका, माणूस कसा वागतोय ते बघा. अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन लावा आणि सांगा की वय अमुक, उष्माघात वाटतोय, शुद्ध नाही, गाव आणि जवळची खूण.

गाडी येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही, थंड करायचं. सावलीत आणा, जाड कपडे काढा, मिळेल त्या पाण्याने सगळं अंग भिजवा, भिजवत राहा आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, श्वासनळीत जातं. पॅरासिटामॉल देऊ नका, हा संसर्गाचा ताप नाही, त्याने उतरत नाही, अ‍ॅस्पिरिन तर नकोच. कांदा चोळणं, तेल लावणं यात वेळ घालवू नका. तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एक हात उचलत नसेल तर तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो, तेही १०८ वर सांगा. शुगरचा पेशंट असेल आणि घरात मशीन असेल तर साखर मोजा, खाली गेलेल्या शुगरमध्येही माणूस असाच बरळतो. जाताना गोळ्यांचा डबा आणि फाईल बरोबर न्या, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पोचल्यावर सगळ्यात आधी तेच विचारतात.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर लोक हुश्श करतात, पण एकदा उष्माघात झालेलं माणूस पुढचे काही आठवडे उकाड्याला आणखी हळवं राहतं. तो उन्हाळा त्यांना गारव्यातच ठेवायचा, दुपारी एकटं सोडायचं नाही, आणि डिस्चार्जच्या कागदावर कुठल्या गोळ्या बदलल्यात, कुठल्या तात्पुरत्या थांबवल्यात ते डॉक्टरांकडून तिथेच समजून घ्यायचं, जुना डबा तसाच परत सुरू करायचा नाही. आठवड्याभराने किडनी आणि सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी परत करायची का, तेही निघायच्या आधी विचारून घ्या.